मऊ ब्रश

श्रावस्ती तुर्कस्तानात उत्खननाला निघाली होती. हजारो वर्षांपूर्वी भूकंपात गाडलं गेलेलं शहर उकरायचं होतं. सास्तूरच्या घरात ती बॅग भरत होती आणि तिचे वडील, राजपाल, शेजारी बसून एकेक वस्तू न्याहाळत होते. त्यांनी बॅगेतला मऊ ब्रश उचलला.

"ह्यो कशाला?"

"हाडांवरची माती झाडायला, पप्पा."

त्यांनी ब्रश तळहातावर फिरवून पाहिला.

"एखादं लेकरू सापडलं, तर आधी त्याच्या तोंडावरची माती काढ."

"पप्पा, तिथं आता नुसती हाडं असणार."

"असू दे, माय. त्र्याण्णवच्या भूकंपात मला बी उकरूनच काढलं. तुझ्या आजीनं आधी पदरानं तोंड पुसलं, तवा कुठं दम घेता आला."