शेजारची खाट

“धुराचा वास येतो बाई ह्यांना. शी! चुलीतच झोपतात की काय?” लाडकुंवरबाई पदर नाकाला लावून सुनेच्या कानात पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे, अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं एवढंच.

सुनेचं, चेलनाचं, लक्ष आपल्या श्रेयांसच्या बरगड्यांकडे होतं. दोन महिन्यांचं पोर. नाकात ऑक्सिजनची नळी, तरी प्रत्येक श्वासाला छातीत खड्डा पडायचा.

शेजारच्या खाटेवर सातपुड्याच्या पायथ्याकडची रुख्माबाई आज सकाळीच नातीला घेऊन आली होती. नातही तशीच धापा टाकत होती.

सासरे मांगीलालशेठ उठले. दवाखान्यातल्या वॉटर कूलरवर त्यांच्या दुकानाचं नाव होतं, त्यामुळे त्यांचा आवाज जरा मालकाचाच लागायचा. “सिस्टर, ह्या लोकांना व्हरांड्यात हलवा. ह्यांच्यामुळेच रोग पसरतो.” बोलता बोलता ढास लागली. खाकरले, खिडकीतून थुंकले, ओठ तळहाताने पुसले अन् त्याच हाताने नातवाचं दुपटं सारखं केलं. चेलना त्या हाताकडे बघत राहिली.

“आम्ही ते आजच उनूत, शेठ,” रुख्माबाई म्हणाली. “तुम्हना पोऱ्या आधीच खोकी ऱ्हायंता.”

“तोंड बघा कसं चालतंय!” लाडकुंवरबाई फणकारल्या.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. छाती तपासली. “विषाणू आहे. मोठ्यांची नुसती सर्दी असते, पण एवढ्याशा जिवाला ती झेपत नाही. रात्र अवघड आहे. घरात कोणाला खोकला होता?”

बाळाचा बाप जिनेश मोबाइलमध्ये बघू लागला.

“आमच्या घरी? छे! आम्ही पाणीसुद्धा उकळून पितो,” लाडकुंवरबाई म्हणाल्या. शेठनी घशाशी आलेला खोकला गिळला.

डॉक्टरीणबाई रुख्माबाईच्या नातीकडे वळल्या, तसे शेठ पाळण्यावर वाकावं तसे श्रेयांसवर वाकले. दुकानातून घरी आल्यावर रोज असेच वाकायचे. नजर लागू नये म्हणून मंगलपाठ पुटपुटायचा आणि बाळाच्या तोंडावर तीनदा फुंकर घालायची, ही घराण्याची रीत. त्यांनी नळी जराशी बाजूला सारली. गाल फुगवले.

मध्ये चेलनाचा हात आला. लग्न झाल्यापासून ती सासऱ्यांशी जे काही बोलली, ते सासूच्या तोंडून.

“बाबूजी, थांबा. हा रोग त्या खाटेवरून नाही आला. तुमच्या तोंडातून आलाय.”