शिशाचा डाग

तांब्याच्या घागरीतलं पाणी पिऊन पोरांचं डोकं चालतं म्हणतात. नात झाली तसं इरम्मानं माळ्यावरची गळकी घागर काढली, बुडाला शिशाचा डाग देऊन घेतला आणि शिवप्रियाला त्यातलंच पाणी पाजत राहिली.

पोरगी चार वर्षांची झाली. घागर रिकामी दिसली की आत तोंड घालून आजीला हाक मारायची, "अव्वा!" आतून तिचाच आवाज घुमून आला की खुदुखुदू हसायची.

यंदा मात्र ती एकेक शब्द विसरत चालली. चिमणी गेली, भाकर गेली. उमरग्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. "आजी, पोरीच्या अंगात शिसं उतरलंय. पाणी कशातलं पाजता?"

"चांगलं म्हणूनच पाजलं की ओ," एवढंच इरम्माला बोलता आलं.

घरी येताच तिनं घागर अंगणात उपडी केली. पाणी बुडबुडत सांडलं, आणि त्या आवाजात बोबडं काहीतरी ऐकू आलं. "चिमणी... भाकर..."

तिनं झटकन घागर सरळ केली. शिवप्रिया समोरच उभी होती, ओठ मिटून.

"मला हाक मार की गं, बाळा," इरम्मा कळवळून म्हणाली.

शिवप्रियानं तोंड उघडलं.

हाक घागरीतून आली.