कबुतरांवर आलेला आळ

"डॉक्टर, कबुतरांपासून लागण होऊ शकते का, तेवढं फक्त सांगा," वैजयंती मॅडम म्हणाल्या.

शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबलावर बुटांचं खोकं उघडं पडलं होतं. नववीच्या वर्गाने उबवणी यंत्रात कोंबडीची अंडी ठेवून जन्माला घातलेली पिल्लं आत मरून पडली होती. त्यातलं एक तर परवापर्यंत मुलांच्या मागे मागे धावत होतं. टेबलापलीकडे सौरभ उभा होता. पिल्लांचं पाणी बदलायला तो सगळ्यांच्या आधी शाळेत यायचा, आणि नेहरू नगरात त्याच्या काकांनी गच्चीवर कबुतरं पाळली होती. एवढ्याशा भांडवलावर मॅडमनी गुन्हेगार पकडला होता. बाकीचा वर्ग भिंतीला टेकून डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होता. त्यात डॉक्टरांची मुलगी सायलीही होती.

डॉक्टर विक्रांत पशुवैद्य होते. कोंबड्यांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात ते राणीखेत रोगावर काम करायचे. हा रोग म्हणजे कोंबड्यांचा काळ. माणसाला तो सहसा काही करत नाही, पण माणसाच्या हातांवर, कपड्यांवर बसून या खुराड्यातून त्या खुराड्यात खुशाल फिरतो. म्हणून केंद्राचा नियम कडक होता. आजारी कोंबड्या हाताळल्या की पुढचे काही दिवस बाहेरच्या कुठल्याही पक्ष्याजवळ फिरकायचं नाही. सायलीला लहानपणापासून पोपट हवा होता. या नियमापायी घरात कधी पिंजरा आला नाही, त्यामुळे नियम तिला तोंडपाठ होता.

आणि मागच्या आठवड्यात हेच डॉक्टर याच प्रयोगशाळेत पाहुणे म्हणून आले होते. आदल्याच दिवशी केंद्रात त्यांचे हात आजारी कोंबड्यांना लागले होते. लांबूनच बोलायचं, असं ठरवून आले होते खरे. पक्ष्यांना शिवण्याआधी आणि नंतर हात कसे धुवावेत, यावर फार सुरेख बोललेही. पण मग टाळ्या झाल्या, मॅडमनी फोटोसाठी गळ घातली, आणि "मला चालत नाही" म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. पाहुण्याचा रुबाब गेला असता ना. त्यांनी एकेक पिल्लू तळहातावर घेतलं. समोर बसलेल्या सायलीने भुवया उंचावल्या, तेव्हा त्यांनी तिला डोळ्यांनीच दटावलं.

"डॉक्टर?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

विक्रांतनी मनाशी हिशेब केला. खरं सांगावं तर केंद्रात चौकशी लागणार, नोकरीवर गदा येणार, आणि लेकीच्या वर्गासमोर नाक कापलं जाणार ते वेगळंच. बरं, खोटं बोलायचीही गरज नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

"होऊ शकते," ते म्हणाले. "कबुतरांतून राणीखेत येऊ शकतो."

शास्त्राच्या दृष्टीने वाक्य अगदी बिनचूक होतं. सौरभची मान खाली गेली.

"मॅम, मैं हाथ धोता था," तो पुटपुटला.

मॅडमनी त्याला पिल्लांच्या कामातून काढून टाकलं आणि पुन्हा यंत्राजवळ दिसायचं नाही म्हणून बजावलं. मागून कुणीतरी "कबूतरवाला" म्हणालं आणि दोघं-चौघं फिदीफिदी हसली. विक्रांतना स्वतःची लाज वाटली. लाज वाटूनही आपण गप्पच उभे आहोत, याची तर जास्तच वाटली. सायली हसली नाही. तिने वडिलांकडे पाहिलंही नाही.

पिल्लं तपासायला त्यांनी मनोहरकडे पाठवली. मनोहर त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र, मेलेल्या कोंबड्या उघडून रोग सांगण्यात पटाईत. पण निकाल येईपर्यंत विक्रांतना घास गोड लागला नाही. घरात सायली विचारलं तेवढंच बोलायची. "अवधपुरीकडून येताना दूध आण" म्हटलं तर दूध आणायची आणि ओट्यावर ठेवून खोलीत जायची. शाळेत सौरभच्या शेजारी आता कुणी बसत नाही, एवढं मात्र तिने आपणहून जेवताना सांगितलं. विक्रांतनी ताटातली भाकरी तशीच बाजूला सारली.

मनोहरचा फोन आला तेव्हा ते सायलीला महाराणा प्रताप नगरच्या क्लासवरून घरी आणत होते. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"राणीखेत-बिणीखेत काही नाही रे," मनोहर म्हणाला. "पोटातली बलकाची पिशवी जिरलीच नाही, तिथेच नासली. अंडी यंत्रात ठेवण्याआधी कुणीतरी ओल्या फडक्याने पुसली असणार. लोकांना वाटतं स्वच्छ केलं, आणि कवचावरची घाण आत जाते. अंड्यातून बाहेर आली तेव्हाच आजारी होती बिचारी."

अंडी मॅडमनीच मुलांकडून पुसून घेतली होती; भाषणाच्या दिवशी त्यांनी स्वतःच ते कौतुकाने सांगितलं होतं. विक्रांतना एकदम हलकं हलकं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना हसू फुटलं. फोन ठेवून ते लेकीकडे वळले आणि त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं.

"कबुतरांचा काही संबंध नाही, सायली. आणि माझाही नाही. मी उद्याच मॅडमना सांगतो. सौरभवरचा आळ जाईल. झालं ना आता? आता तरी नीट बोल."

सायलीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे तर आज कळलं, बाबा. तुम्ही कबुतरांचं नाव घेतलं, तेव्हा तर तुम्हाला वाटत होतं ना, की पिल्लं तुमच्यामुळेच मेली?"