सीनसिनरी

चौथ्या फोटोतही ती बाई होतीच.

शकुंतलानं चारही फोटो ट्रंकेच्या झाकणावर ओळीनं मांडले आणि चष्मा पदरानं पुसला. ट्रंक नवऱ्याची, फौजेतली. वर पांढऱ्या अक्षरांत 'सुभेदार नाथाजी' आणि नंबर. नाथाजी आत्ता कोपऱ्यावर दाढी करायला गेले होते. उद्या सकाळी त्यांना घाट उतरून कोकणात जायचं होतं. रिटायर झाल्यावर कॅमेरा घेतला आणि दर आषाढात हा नेम सुरू झाला. समुद्रकाठचं गाव, कौलं, माड, वर धो धो पाऊस. "सीनसिनरी काढतो," म्हणायचे.

साताऱ्याला काय पावसाचा दुष्काळ होता? महाबळेश्वरला जा, कॅमेरा बुडेपर्यंत पडतो. आणि समुद्राचा फोटो काढायला गुळगुळीत दाढी कशाला लागते? कॅमेऱ्याच्या बॅगेत कंदी पेढ्यांचा पुडा कशाला लागतो?

फोटोत समुद्र राखाडी होता, माड वाकले होते. पण चारही वर्षं घर तेच. घरापुढच्या गडग्याआड, दगडी कुंपणाआड, बाई तीच. डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ पांघरलेली, आणि दर वेळी कॅमेऱ्याकडे पाठ. एवढं काय दडवायचं होतं तिला?

पहिल्या दोन फोटोंत ती एकटीच होती. तिसऱ्यात तिच्या खांद्यावरून एक तान्हं मूल मागं बघत होतं. चौथ्यात ते वाढलं होतं, डोक्यावरचं टोपडं गेलं होतं. शकुंतलानं तो फोटो खिडकीशी नेला. पोराचे कान सुपासारखे बाहेर आले होते.

तसले कान तिनं तेहतीस वर्षं पाहिले होते. नाथाजींचे.

नवरा थापाड्या असता तर एवढं लागलं नसतं. पण नाथाजींनी शपथेला पालीच्या खंडोबाचा भंडारा उचलला की विषय संपला. भंडारा उचलून त्यांनी तंबाखू सोडली. भंडारा उचलूनच पाच वर्षांपूर्वी, मनानं लग्न करून मुंबईला निघालेल्या मयूरीला दारात सांगितलं, "आता तुझं तोंड बघणार न्हाई." तंबाखूला पुन्हा हात लागला नाही, लेकीचं नाव पुन्हा घरात निघालं नाही. असा शब्दाचा पक्का माणूस चार पावसाळे बायकोला फसवत होता.

दाढी करून नाथाजी आले. फोटो जागच्या जागी गेले होते.

"उद्या मी पण येनार," ती म्हणाली.

"तिथं काय हाय? नुसता पाऊस."

"मी बी सीनसिनरी बघीन की. का बायकू भिजलेली चालत न्हाई तिथं?"

नाथाजींनी बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "ये. रेनकोट घे."

तिनं रेनकोट घेतला आणि पिशवीत चार साड्याही टाकल्या. जे बघायचं ते बघायचं, आणि तिथूनच एस्टीनं सांगलीला भावाकडे निघून जायचं. या घरात परत पाय टाकायचा नाही. कुंभार्ली घाटात धुकं एवढं की पुढची गाडी दिसेना. ती मनात एकेक वाक्य घोटवत बसली. नाथाजी दोनदा म्हणाले, "चहा घ्यायचा का?" तिनं दोन्ही वेळा काचेकडं बघितलं.

गाव आलं. फोटोतल्यासारखंच होतं, फक्त वास जास्त. सुक्या मासळीचा आणि ओल्या लाकडांचा. नाथाजींनी पुडा पिशवीत गुंडाळून गडग्यावर ठेवला, पन्नास पावलं मागं आले आणि छत्रीखाली कॅमेरा लावला. जणू ड्युटीच.

दार उघडलं. खोळ बाहेर आली. कडेवर ते कान. बाईनं मान खाली घालून पुडा उचलला, मुलाला खांद्यावर घेतलं आणि सावकाश पाठ फिरवून उभी राहिली. स्टुडिओत उभी केल्यासारखी.

घोटवलेली सगळी वाक्यं शकुंतला विसरली. "एवढी लाज हाय तर कशाला आली भाईर? तोंड का लपवती ती?"

"लपवत न्हाई." नाथाजींनी डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही. "माझा भंडारा सांभाळती."

"म्हंजी?"

"तिचं सासर हाय हे. मुंबईस्नं हितं आलीत ती. पहिल्या साली मला बघून धावत आली, तर मी पाठ फिरवली. तवापासनं तीच फिरवती." त्यांनी छत्री कॅमेऱ्यावर आणखी वाकवली. "मला बघता यावं म्हनून."

शकुंतलानं गडग्याच्या पडक्या जागेतून तिच्या पायांकडं पाहिलं. खोळीखाली एकच पाऊल जमिनीवर होतं. दुसरं पोटरीवर टेकवलेलं, बगळ्यासारखं. स्वयंपाकाच्या ओट्याशी असं उभं राहण्यावरून एका पोरीनं वीस वर्षं शकुंतलाची बोलणी खाल्ली होती.

तिच्या हातातली पिशवी चिखलात पडली. ती तिनं उचलली नाही.

"आवं, भंडारा तुमी उचललाय. मी न्हाई."

ती पावसातून निघाली, आणि निम्म्या वाटेतूनच ओरडली, "मयूरे, सरळ उभी ऱ्हा गं!"

खोळ दचकली. मग वळू लागली.

नाथाजींनी डोळे गच्च मिटले आणि बटण दाबलं.