फुल्ली ऑटोमॅटिक सवत

"थांब, बोलू नकोस," तुषार म्हणाला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक वॉशिंग मशीनला टेकवून आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटून ऐकत होता. बोटीवरचा हा सेकंड इंजिनियर इंजिनाची दुखणी अशीच ओळखायचा. कालच सुट्टीवर घरी आला होता.

हेमांगी त्याचा चहा हातात घेऊन तशीच उभी राहिली. आल्यापासून त्याने फ्रीजची विचारपूस केली होती, पाण्याच्या पंपाची पाठ थोपटली होती. शेजारच्या दामलेकाकूंच्या मिक्सरला तर "होशील हं बरा," असा धीरही दिला होता. तिलाही "कशी आहेस?" विचारलं होतं, पण तेवढ्यात पंखा करकरला आणि साहेब स्टुलावर चढले. सवत असावी तर निदान माणूस तरी असावी. मिक्सरच्या झिंज्या कशा उपटणार?

चहा बाजूला ठेवून तिने मशीन बंद केलं आणि त्याच्यासमोर बसून स्क्रूड्रायव्हरचं टोक ओढून आपल्या खांद्यावर टेकवलं.

"आता हिचं बघा, साहेब."

त्याला हसू आलं, पण सवयीने डोळे मिटलेच. बराच वेळ तो ऐकत राहिला. मग चेहरा गंभीर झाला.

"आत काहीतरी घासतंय गं. कधीपासून?"

"तू बोटीवर चढलास तेव्हापासून."

त्याने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला आणि तिच्या खांद्याला कानच लावला.

दाराची बेल वाजली. दामलेकाकूच असणार. बेलचा आवाजही चांगलाच बिघडला होता, पण तो उठला नाही.