ऐकतेस ना गं?

पद्मिनी अमेरिकेला निघाली तेव्हा आईने एका कॅसेटवर तिची लहानपणची अंगाई म्हणून दिली होती. गाता गाता मध्येच थांबून आई विचारते, "पमे, ऐकतेस ना गं?" आई गेल्यावर तिला 'पमे' म्हणणारं जगात तेवढंच उरलं होतं.

एडिसनमधल्या शेजारणीचे, नीलाचे, ते ऐकून डोळे भरून आले. "माझ्या आईचा साधा आवाजही नाही गं माझ्याकडे. एक आठवडा दे, कॉपी करून लगेच परत करते."

शनिवारी सकाळी कॅसेट परत आलीही. संध्याकाळी मंडळाची दिवाळी होती. ज्याने त्याने आपलं आवडतं गाणं ऐकवायचं आणि त्याची आठवण सांगायची. नीलाने माइक हातात घेतला. "ही माझी आई. मला झोपवताना हेच गायची." टेप सुरू झाला तसे बायकांचे पदर डोळ्यांना लागले. बाजूला बसलेल्या विनीताकाकू पद्मिनीच्या कानाशी म्हणाल्या, "भाग्यवान हो पोर!"

आता आईची हाक येईल आणि सगळ्यांना आपोआप कळेल, म्हणून पद्मिनी श्वास रोखून बसली. हाकेची जागा आली. टेप नुसता खरखरला आणि अंगाई पुढे सुरू झाली.

घरी येऊन, अंगातला कोटही न काढता, तिने आपली कॅसेट लावली.

 

त्याच जागी तीही खरखरली.