पूजेची की खायची?

दारात पायल उभी होती आणि चपला काढायच्या की नाही, हेच तिला ठरवता येत नव्हतं.

“काका आहेत का?”

काका म्हणजे अनुश्रीचे बाबा, दिवाकरराव. हॉलच्या मधोमध सोवळं नेसून पाटासमोर बसलेले. तेलीबांधा भागातल्या नव्या फ्लॅटमधली पहिली सत्यनारायणाची पूजा होती. पूजा सांगणारे महाराज यायचे होते, तोवर ते विड्याच्या पानांवर एकेक सुपारी मांडत होते. अनुश्री सोफ्यावर चादर गुंडाळून पडली होती. घसा सुजलेला, अंग तव्यासारखं तापलेलं. पण वर्गात बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण आली म्हटल्यावर कोण झोपून राहील? ती उठून बसली.

पायल उंबऱ्यावरूनच बोलायला लागली. “काका, माझ्या भावाला, यशदीपला टायफॉइड झाला. सरकारी दवाखान्यात भरती आहे. गोळ्या देतात, टाइम पे देतात, पण ताप उतरूनच नाही राहिला. आज तर त्यानं मले ओळखलं नाही, काका. आई म्हणते, बाहेरून दवा आणू. पप्पा म्हणतात, सरकारी दवाही दवाच असते. या गोळ्यांची खरेदी तुमच्याच ऑफिसातून होते ना? पप्पांनी विचारून ये म्हटलं. आप जो बोलोगे, वही करेंगे.”

तिनं मुठीतली गोळ्यांची पट्टी पुढे केली. पट्टीवर लाल अक्षरांत छापलं होतं, ‘सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही’. राज्यभरच्या सरकारी दवाखान्यांची औषधं जिथून घेतली जात, त्या ऑफिसात दिवाकररावांची सही चालायची. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पट्टी उलटीपालटी केली आणि परत दिली.

“एकदम बरोबर आहे, बेटा. आमचीच आहे. टेस्ट होऊन आलेली. औषधाले वेळ लागते थोडा. पप्पाले सांग, काकानं म्हटलं, बिलकुल टेन्शन नका घेऊ. बाहेर कायले पैसे फेकता?”

पायलचा चेहरा असा काही उजळला, की अनुश्रीला आपल्या बाबांचा अभिमान वाटला. खरंच वाटला! “थँक्यू काका,” म्हणत पायल लिफ्टचीही वाट न बघता जिन्यानं धडधड खाली पळाली.

अनुश्रीची आई विमलाबाई पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. फ्रिजवर औषधं पुरवणाऱ्या कंपनीवाल्यानं आणून ठेवलेलं गोळ्यांचं खोकं होतं. त्यातून तशीच एक पट्टी काढून त्यांनी गोळी दाबून बाहेर काढली. “घे वं अनु. डॉक्टरनं तुले हेच लिहून देल्लं आहे.”

“ते नको!” दिवाकरराव इतक्या जोरात ओरडले की पाटावरचा कलश हलला. “मेडिकलातून मागव. चांगल्या कंपनीचं.”

“काहून? नाव तर तेच आहे.”

“नाव तेच राहते वं.” ते हसले. ताटातली एक सुपारी त्यांनी दोन बोटांत धरली. काळपट, सुरकुतलेली, एका बाजूनं पोखरलेली. “ही पण सुपारीच आहे ना? टाक मग तोंडात! सदर बाजारातला दुकानदारही पहिले विचारते, पूजेची की खायची? आमचंही तसंच. वरून पैसा येते मूठभर, अन् पुरवायचं अख्ख्या राज्याले. ज्याचा रेट सगळ्यात कमी, त्याचा माल. नियमच आहे, मी नाही बनवला.”

“अन् ते पोट्टं?” विमलाबाईंनी हळूच विचारलं.

“त्याले भेटून तर राहिली ना गोळी? या वर्षी एक दवाखाना गोळीविना खाली नाही ठेवला मी.”

असं म्हणून त्यांनी ती सुपारी धोतराच्या सोग्यानं पुसली, अलगद पानावर ठेवली आणि तिला हळदकुंकू लावलं.

विमलाबाईंनी तळहातावरची गोळी परत पट्टीच्या फाटलेल्या चंदेरी कागदात दाबून बसवली आणि पट्टी खोक्यात ठेवून दिली. जागच्या जागी.

चादर खाली टाकून अनुश्री दाराकडे निघाली.

“अनु! कुठं चालली? पूजा सुरू होऊन राहिली!”

ती अनवाणीच जिना उतरली. फाटकापाशी पायल स्कूटीवर बसलेली, फोन कानाला. “हव पप्पा, काका बोले एकदम बढ़िया दवा है. बाहर से कुछ मत लाना.”

अनुश्रीनं स्कूटीचं हँडल धरलं. “बाहेरून घे. आत्ताच्या आत्ता घे.”

“अगं, पण काका तर म्हणाले...”

आता हिला काय सांगायचं? रेट सांगायचा? नियम सांगायचा? अनुश्रीनं हँडल सोडलं नाही. पायल वैतागली. “सोड ना! भाऊ तिकडे एकटा आहे माझा. तू डॉक्टर आहेस का? तुले काकांपेक्षा जास्त समजते?”

“नाही. काकांनाच समजते,” अनुश्री म्हणाली. “मलेही ताप आहे, पायल. आईनं तीच गोळी मले काढून दिली होती. बाबांनी नाही खाऊ दिली.”

फोन चालूच होता. इतका वेळ पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ करणारे पायलचे पप्पा म्हणाले, “पायल, पट्टीवरचं नाव वाचून दाखव. मेडिकलात निघालो मी.”